दीड महिना लॉजवर राहायचंय, पण भाडं कमी करा म्हणायची लाज वाटते

पत्र थोडक्यात असं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३८. वडील ६७ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईला टाटामध्ये झालं आणि आता ३० वेळा रेडिएशन घ्यायचंय, म्हणजे दीड महिना परळला राहणं आलं. वडील, आई आणि या स्वतः, असे तिघं. ऑपरेशनच्या वेळी ज्या लॉजवर होते तिथे रोजचे १८०० सांगतात, वर जीएसटी वेगळा. अ‍ॅपवर तीच रूम १५५० ला दिसते. पुण्यातला भाऊ म्हणतो, पैसे मी पाठवतो, आजारपणात घासाघीस करत बसू नको, शोभत नाही. नवरा म्हणतो लांब का असेना, स्वस्तातलं बघ. आणि वडिलांना अजून नीट बोलता येत नाही, तर ते रोज रात्री बोटांवर हिशोब करतात आणि वहीत लिहून दाखवतात, 'घरी जाऊ'. ताई विचारतात, "आम्ही अडलेलो आहोत हे लॉजवाल्याला दिसतंय. अडला हरी अशी गत झालीय. अशात भाडं कमी करा म्हणावं का, आणि म्हटलं तरी तो कशाला ऐकेल?"

ताई, म्हणावं. नक्की म्हणावं. पण कसं म्हणायचं त्याच्याआधी त्या लाजेबद्दल बोलू, कारण ती मनात ठेवून काउंटरवर गेलात तर पहिल्याच 'नाही'ला तुम्ही मागे फिराल.

घरात लग्न असतं तर हॉलवाल्याशी, आचाऱ्याशी, मांडववाल्याशी भाव केलाच असता ना तुम्ही, आणि भावानेही केला असता. इथेच का नको वाटतं, तर त्याच्या मनात कुठेतरी असं बसलंय की आपण बाबांच्या उपचारात काटकसर करतोय. उपचार आहे तोच राहणार आहे, एक शेकसुद्धा, म्हणजे रेडिएशनची एक वेळसुद्धा, कमी होणार नाही, भाव होतोय तो चार भिंती आणि तीन गाद्यांचा. भाऊ पैसे पाठवतो म्हणतोय हे त्याचं मोठं मन आहे, त्याला दुखवू नका. फक्त त्याला एवढं सांगा की हे दीड महिन्यात संपणारं नाहीये. रेडिएशन झाल्यावर पहिली दोन वर्षं साधारण दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला यावं लागतं, प्रत्येक वेळी गाडीभाडं, एक-दोन रात्रींची रूम, शिवाय दातांचं, खाण्यापिण्याचं वेगळंच. आत्ता वाचलेला पैसा तेव्हा कामाला येतो.

आता ते 'अडला हरी'. तुम्ही हे चित्र काउंटरच्या अलीकडून बघताय, जरा पलीकडे बसून बघा. लॉजवाल्याची एक रूम म्हणजे रोज नवा गिऱ्हाईक, रोज चादरी धुवायला, रोज रजिस्टर, आधारकार्डाची झेरॉक्स, कुणी रात्री उशिरा येणार, कुणी न सांगता जाणार, मध्येच एखादी रात्र रिकामी. आणि अ‍ॅपवरून गिऱ्हाईक आलं तर अ‍ॅपवाले पंधरा-वीस टक्के, कधी त्याहूनही जास्त कमिशन कापून घेतात. म्हणजे १५५० ला दिसणाऱ्या रूमचे मालकाच्या हातात येतात साधारण साडेबाराशे ते तेराशे. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, कारण तुम्ही साडेबाराशे म्हणालात तर ते भीक मागणं नाही आणि त्याचा अपमानही नाही, जे त्याला आत्ताही मिळतंय तेच तुम्ही सांगताय आणि वर सहा आठवडे रूम भरलेली देताय.

हां, एक खरं सांगते. परळची गोष्ट महाबळेश्वरसारखी नाही, की पावसाळ्यात रूम रिकाम्या पडल्या आणि निम्म्या भावात मिळाल्या. टाटा, केईएम, वाडिया सगळी हॉस्पिटलं एकाच टापूत, त्यामुळे तिथे ऑफ सीझन असा नसतोच, लोक येतच असतात. म्हणून १८०० चे ९०० होतील ही आशा ठेवू नका. १३५०-१४०० ला ठरलं तरी चांगलं ठरलं असं समजा. ४२ रात्रींचे १८०० ने ७५,६०० होतात आणि १४०० ने ५८,८००, म्हणजे १६,८०० रुपये वाचतात, थोडीथोडकी रक्कम नाही ही.

पण लॉजवर जाण्याआधी दोन ठिकाणी जाऊन या, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एक, डॉक्टरांना सरळ विचारा की रेडिएशन इथेच घेणं गरजेचं आहे का, की आमच्या जवळ कुठे चालेल. बऱ्याच जणांना वाटतं असं विचारलं तर डॉक्टर रागावतील किंवा बाबांची केस सोडून देतील. तसं काही नसतं, हा प्रश्न त्यांना रोज कुणीतरी विचारतं. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, दोन्हीकडे रेडिएशन मिळतं आणि परभणीहून दोन्ही मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. डॉक्टर म्हणाले की नाही, यांना इथेच हवं, तर विषय संपला, मग मनात किंतु ठेवू नका. पण 'चालेल' म्हणाले तर सगळं गणितच बदलतं, आणि तुम्ही तो प्रश्न विचारलाय की नाही हे पत्रात कुठे दिसलं नाही मला.

दुसरं, टाटामध्येच मेडिकल सोशल वर्क विभाग आहे, तिथे जाऊन राहण्याची सोय विचारा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, अशा जागी रुग्ण आणि बरोबरच्या माणसाला कमी पैशात राहता येतं. जागा लगेच मिळेलच असं नाही, गर्दी खूप असते, पण नाव तर देऊन ठेवा. तिथे राहणं म्हणजे कमीपणा असं तुमच्या घरात कुणाला वाटत असेल तर तेही मनातून काढा. पलीकडच्या कॉटवरचा माणूसही रेडिएशनच्या वेळी तोंडावर बसवतात त्याच मास्कखाली झोपून आलेला असतो, त्याची बायको तुमच्या आईला सांगते की तोंड आलं की ताकात काय कालवायचं, हा आधार लॉजच्या बंद दाराआड मिळत नाही.

आता लॉजचं. इथे तुमची आणि नवऱ्याची, दोघांची एक समजूत मला बदलावीशी वाटते, की सगळं काही रोजच्या आकड्यात आहे. जास्त दिवस राहतो म्हणून भाव कमी करा, हे म्हणायला सोपं आहे, पण जास्त दिवस म्हणजे किती हे तुम्हाला तरी कुठे माहितीये? आधी मास्क बनवतात, सीटी होतो, मग प्लॅनिंगला काही दिवस जातात आणि त्यानंतर तारीख मिळते. सोमवार ते शुक्रवार शेक, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून ३० शेकांचे सहा आठवडे. मध्ये मशीन बंद पडलं, सुट्टी आली, रक्तातल्या पेशी कमी झाल्या, तोंडात जखमा फार झाल्या, तर चार दिवस पुढे जातं. आणि शेवटचा शेक झाला की दुसऱ्या दिवशी माणूस गाडीत बसण्यासारखा असतोच असं नाही. तोंडाच्या जखमा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि शेक संपल्यावरही दोन-तीन आठवडे त्रास देतात.

मग ४५ दिवसांचे पैसे आधीच भरून टाकले तर? भाव छान मिळेल, आणि पंधराव्या दिवशी धर्मशाळेत जागा झाली किंवा बाबांना अ‍ॅडमिट करावं लागलं तर ते पैसे परत मागत बसाल. म्हणून एकदम अ‍ॅडव्हान्स अजिबात नको, कितीही गोड बोलले तरी नको. तुम्ही त्याला दिवसांची नाही, पैशांची खात्री द्या. दर सोमवारी सकाळी आठवड्याचे पैसे काउंटरवर, एक दिवस इकडचा तिकडे नाही. ही गोष्ट लॉजवाल्याला फार आवडते, कारण लांबच्या मुक्कामात त्याला खरी भीती असते ती उधारी वाढत जाण्याची, आजारी माणसाला बाहेर काढता येत नाही आणि पैसेही मिळत नाहीत अशी.

बोलायला जायचं ते प्रत्यक्ष, फोनवर नाही. फोनवर 'नाही' म्हणायला एक सेकंद लागतो. सकाळी साडेअकरा-बाराच्या पुढे जा, चेकआऊटची गडबड उरकलेली असते. काउंटरवरच्या पोराशी भाव करू नका, त्याच्या हातात काही नसतं, 'मालकांशी दोन मिनिटं बोलायचंय' म्हणा आणि ते नसतील तर परत कधी येऊ ते विचारा. बाबांना बरोबर नेऊ नका. हॉस्पिटलची फाईल मात्र न्या, ती दया यावी म्हणून नाही, तारखा दाखवायला. आणि मग साधं, न रडता, न चिडता बोला. साधारण असं:

"दादा, मागच्या महिन्यात आम्ही तुमच्याकडेच होतो, बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा. आता सहा आठवड्यांचे शेक आहेत, जास्त दिवसही लागू शकतात. आम्हाला इथेच राहायला आवडेल. दर सोमवारी आठवड्याचे पैसे अ‍ॅडव्हान्स देते. अ‍ॅपवर ही रूम १५५० ला आहे, त्यात त्यांचं कमिशन जातं, आम्ही डायरेक्ट आहोत. साडेबाराशे लावा."

आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, आपल्याला लगेच वाटतं की जास्तच कमी बोललो, मग आपणच म्हणतो 'बरं तेराशे, नाहीतर चौदाशे'. त्याला बोलू द्या. तो सोळाशे म्हणेल, परवडत नाही म्हणेल, लाईटबिल सांगेल. ऐकून घ्या, ते खरंही असतं, एसी चालला की बिल येतंच. मग म्हणा की आम्हाला एसी नको, बाबांना थंडीच वाजते, नॉन एसी लावा, चादर रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. त्याचा खर्च जिथे खरोखर कमी होतो तिथे भाव कमी मागितला की त्यालाही हो म्हणायला जागा मिळते. चौदाशेच्या वर मात्र जाऊ नका, 'घरी विचारून सांगते' म्हणून उठा. उठताना राग नको, कदाचित संध्याकाळी तिथेच परत यायचंय.

लॉज नवा असेल तेव्हा पहिले दोन दिवस अ‍ॅपवरून किंवा रोजच्या भावाने राहून मग बोलणी केली तर आणखी बरं. पाणी किती वाजता जातं, गिझर चालतो का, लिफ्ट रोज चालू असते का, हे राहिल्याशिवाय कळत नाही. हां, आणि चेकआऊट १२ वाजताचं आहे की २४ तासांचं ते विचारा. पहाटेच्या गाडीने दादरला उतरून सहाला रूम घेतली आणि चेकआऊट १२ चं निघालं तर सहा तासांत एक दिवस जातो.

ठरलेलं लिहून घ्या. हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या मोठ्या दिरांच्या वेळी आम्ही परळलाच ३८ रात्री काढल्या. आधीच्या लॉजवर रात्रीचा मॅनेजर 'हो ताई, तेराशे, काळजी करू नका' म्हणाला, आम्ही विश्वासाने राहिलो, आणि सोळाव्या दिवशी मालकाचा मुलगा आला आणि म्हणाला तो भाव पंधरा दिवसांचाच होता, आता सोळाशे. कुणी बोललं, कधी बोललं, काही पुरावा नाही. दिरांना नाकात नळी, त्या अवस्थेत सामान बांधून दुसरीकडे गेलो. दुसऱ्या लॉजवर मी पहिल्या दिवशीच पावतीबुकातल्या गुलाबी पावतीवर मालकाकडूनच लिहून घेतलं, 'रोज १४००, तीन माणसं, शेवटपर्यंत हाच भाव', खाली सही. तीच पावती फोटो काढून त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. कुणाला वाईट वाटलं नाही. शेक पाच दिवस वाढले तेव्हा कुणी काही बोललंही नाही.

तर तुमच्या कागदावर एवढं असू द्या: रोजचा भाव, जीएसटी धरून की वेगळा, तिसऱ्या माणसाच्या गादीचे पैसे त्यातच, दिवस वाढले तरी भाव तोच, आणि मध्येच जायचं झालं तर दोन दिवस आधी सांगितलं की उरलेले पैसे परत. शिवाय बाबा मध्ये चार-पाच दिवस अ‍ॅडमिट झाले आणि तुम्ही दोघी तिकडेच असलात तर सामान ठेवून रूम धरून ठेवायचे किती, तेही आत्ताच विचारा, निम्म्यावर बरेच जण तयार होतात. आत्ता विचारलं तर तो बोलणीचा भाग असतो, तेव्हा विचारलं तर उपकार होतो.

जीएसटीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीये पण '१८०० वर जीएसटी' वाचून विचार आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७५०० पर्यंतच्या रूमला ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. कुणी अजून १२ लावत असेल तर विचारा. आणि ज्याच्या बिलावर जीएसटी नंबरच नाही त्याला जीएसटी घेताच येत नाही.

आता पैशांपलीकडचं, आणि माझ्या मते तुमच्यासाठी हेच मोठं. तोंडाचा शेक म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून पोळी बंद, भाजी बंद, तिखटाचा वासही नको. सगळं मऊ, गार, मिक्सरमधून काढलेलं. हॉटेलचं वरण-भात आणून चालत नाही. दुसऱ्या लॉजवाल्याने आम्हाला भावात फारसं काही सोडलं नाही, पण तळमजल्यावर मीटरबोर्डाशेजारी एक ओटा दिला, गॅस त्याचा, मिक्सर आमचा. सकाळी सातला जाऊबाई खाली उतरायच्या, मुगाची खिचडी, दुधात भिजवलेलं नाचणीसत्व, उकडलेलं अंडं सगळं फिरवून, गाळून डब्यात भरायच्या. त्या ओट्याची किंमत माझ्या हिशोबात रोजच्या दोनशे रुपयांहून जास्त होती, आणि दिरांचं वजन त्यामानाने कमी उतरलं ते त्या ओट्यामुळे असं मी आजही म्हणते. म्हणून मालक शंभर रुपयांवर अडला तर ते शंभर सोडा आणि ओटा मागा, फ्रीजमध्ये एक कप्पा मागा, लिफ्ट नसेल तर खालची रूम मागा, वेस्टर्न कमोड बघून घ्या. रूममध्ये इंडक्शन चालवू देतात का हे आधी विचारा, बरेच लॉजवाले लोडमुळे नाही म्हणतात आणि चोरून चालवलं की वाद होतात.

नवऱ्याचं 'लांब पण स्वस्त' हे तोडून टाकू नका, पण हिशोब पूर्ण करा. लांबच्या रूममध्ये रोज चारशे वाचले आणि टॅक्सीत येऊन-जाऊन तेवढेच गेले तर काय मिळालं? पहिले दोन आठवडे लोकलने जमेलही. चौथ्या आठवड्यात मानेची कातडी भाजल्यासारखी होते, कॉलर टेकली तरी नको वाटतं, त्या अवस्थेत दादरच्या जिन्यावर गर्दीचा धक्का लागू द्यायचा नाही. आणि पावसाळा असेल तर परळजवळच्या हिंदमाताला पाणी भरलं की एक किलोमीटरसुद्धा लांब वाटतं. चालत दहा मिनिटांत पोचता येईल एवढ्या टापूत बघा, त्या टापूतच स्वस्त शोधा. हॉस्पिटलच्या आसपास कुणी आपणहून 'रूम हवीये का' म्हणत आलं तर त्याच्याबरोबर जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्या भाड्यातच येतं आणि मग मालकाला कमी करायला जागा उरत नाही. रूम तुम्ही एकट्या जाऊन बघा.

हे वाचणाऱ्यांत कुणी वेगळ्या कामासाठी महिना-दोन महिने लॉजवर राहणारे असतील, चाकणला साईटवर आलेले, मुलीच्या परीक्षेसाठी पुण्यात थांबलेले, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. डायरेक्ट बोला, मालकाशी बोला, आठवड्याचे पैसे आधी द्या, कागद करा. तुम्हाला ऑफ सीझनचा फायदाही मिळू शकतो, या ताईंना तो नाहीये.

आणि ताई, बाबा. तुम्ही लिहिलंय की त्यांना भाड्याचा आकडा कळू नये म्हणून तुम्ही बाहेर जाऊन फोनवर बोलता. त्यांना कळतंय. आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडून रात्री डेपोत पै-पैचा हिशोब देणाऱ्या माणसापासून तुम्ही १८०० लपवू शकत नाही, आणि लपवल्यामुळे ते मनात अठराशेचे पंचवीसशे करत असतील. भाव करताना त्यांना नेऊ नका असं मी म्हटलं ते त्यांना तिथे ओझं झाल्यासारखं वाटू नये म्हणून, पण ठरल्यावर त्यांना सगळं सांगा. जी वही त्यांनी 'घरी जाऊ' लिहायला घेतलीय तिच्यातच पुढच्या पानावर तारीख, शेक नंबर, भाडं, औषध असे रकाने आखून द्या आणि म्हणा, बाबा, हिशोब आता तुमच्याकडे. सोमवारी पैसे भरून आलात की पावती त्यांच्या हातात द्या. एखाद वेळी ते तुमची दहा रुपयांची चूक काढतील, काढू द्या.